प्रिंटरची ओळख इन्स्टॉलेशनच्या वेळीच पटली पाहिजे

गेल्या हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाच्या जुन्या संगणकावर मी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली. ती बसवणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे इन्स्टॉलरने, भाषा, कीबोर्ड, वेळ असे सारे विचारले, वायफाय कार्ड स्वतःहून ओळखले. शेजारीच जोडलेल्या, चालू असलेल्या प्रिंटरबद्दल मात्र अवाक्षर काढले नाही. मी घरी पोहोचतो तोच दिवाणजींचा फोन आला. सौदे उरकले होते, शेतकरी विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीसाठी थांबले होते आणि प्रिंटर हलत नव्हता. त्या दिवशीच्या सगळ्या पट्ट्या त्यांनी हाताने लिहिल्या. तपासून न पाहता निघालो ही माझी चूक होतीच, पण ती मला करता आली, हे मला इन्स्टॉलरचेही अपयश वाटते.

प्रिंटर मुका नसतो. १९९४ च्या आयईईई १२८४ या मानकापासून पॅरलल पोर्टवरच्या, म्हणजे युएसबीआधीच्या जुन्या रुंद जोडणीवरच्या प्रिंटरलाही आपला निर्माता, मॉडेल आणि आपल्याला समजणारी आज्ञाभाषा एका ओळीत सांगण्याची सोय आहे. युएसबी प्रिंटर तीच ओळ देतात, शिवाय आपण ‘प्रिंटर’ या वर्गातले आहोत हेही जोडताक्षणी कळवतात. म्हणजे इन्स्टॉलर चालू असतानाच ही माहिती संगणकात आलेली असते.

यावर असे सांगितले जाते की प्रिंटरची जोडणी पहिल्यांदा संगणक सुरू झाल्यावर आपोआप होते. नव्या प्रिंटरांपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. डेबियन या लिनक्सच्या २०२१ मधील ११ व्या आवृत्तीपासून तर पुष्कळसे युएसबी प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय, म्हणजे त्या मॉडेलसाठीच्या खास प्रोग्रामशिवाय, चालतात. परंतु आपल्याकडच्या दुकानांत, पतसंस्थांत आणि सोसायट्यांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे प्रिंटर अजून राबत आहेत. काही स्वस्त लेझर प्रिंटरांत फर्मवेअर (प्रिंटरला आतून चालवणारा प्रोग्राम) कायमचे साठवलेले नसते, ते दर वेळी चालू करताना संगणकाने पाठवावे लागते आणि त्यासाठीची फाइल इंटरनेटवरून वेगळी उतरवावी लागते. इंटरनेट जोडलेले असते आणि पासवर्ड ठाऊक असलेला माणूस समोर बसलेला असतो, अशी हमखास वेळ इन्स्टॉलेशनचीच. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दिवाणजी असतात, आणि ड्रायव्हर शोधणे हे त्यांचे काम नव्हे.

शाईच्या फितीवर पिना ठोकून छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि कार्बन लावून एका वेळी तीन प्रती काढायच्या असल्यामुळे यार्डात त्याला अजून पर्याय नाही. नव्या संगणकाला पॅरलल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये युएसबीची केबल येते आणि पुष्कळदा प्रिंटरऐवजी ती केबलच आपले नाव सांगते. अशा वेळी इन्स्टॉलरने अंदाजाने काही बसवू नये, ‘प्रिंटर दिसतो आहे, मॉडेल कळत नाही’ असे स्पष्ट सांगून यादी पुढे ठेवावी. अनेक डॉट मॅट्रिक्स एप्सनच्या आज्ञा समजतात आणि लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या कप्स या प्रणालीबरोबर एप्सनच्या ९ पिनांच्या प्रिंटरांसाठी ड्रायव्हर येतोच, त्यामुळे यादीत तो पर्याय वर असला तरी बरेच काम भागेल. नुसत्या मजकुराची साधी जोडणी मात्र मराठीसाठी निरुपयोगी ठरते, कारण या प्रिंटरांच्या अंगच्या अक्षरसंचात सहसा देवनागरी नसते. अक्षरे चित्र म्हणूनच पाठवावी लागतात. म्हणून मराठी भाषा निवडली असेल तर चाचणीच्या पानावर जोडाक्षरे असलेली मराठी ओळ छापली जावी, असा माझा आग्रह आहे. इंग्रजी पान नीट निघाले म्हणून समाधान मानून उठलेला मीच एकटा नसेन.

नेटवर्कवरील प्रिंटर मात्र विचारल्याशिवाय जोडू नयेत. एकाच वायफायवर दोन-तीन पेढ्या असल्या, तर एकाच्या हिशेबाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर निघेल. ते फक्त दाखवावेत, निवड माणसाने करावी. केबलने जोडलेला प्रिंटर मात्र त्या दुकानाचाच असतो; तो इन्स्टॉलरने ओळखावा, जोडावा, आणि शेवटच्या पडद्याआधी एक पान छापून ‘नीट आले का?’ असे विचारावे.