प्रतिक्रियेला उत्तर : टू-स्ट्रोक आउटबोर्डची वाढीव शक्ती नेमकी जाते कुठे?

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. टू-स्ट्रोक आउटबोर्डचे, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाचे, पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतील वायू आत-बाहेर जाण्याची तोंडे) वाढवू नयेत आणि कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी सिलिंडरचे हेड घासायला देण्यापूर्वी प्रॉपेलर तपासावा, हा माझा सल्ला आपल्याला भित्रेपणाचा वाटला. मोटरसायकलच्या टू-स्ट्रोक इंजिनातून याच कामांनी ३० टक्के जादा शक्ती निघते, मग बोटीच्या इंजिनातून का निघू नये, असे आपण विचारता. इंजिनातून ती निघेल, याबद्दल वाद नाही. माझी शंका ती बोटीपर्यंत पोहोचण्याविषयी आहे.

एक्झॉस्ट पोर्टची वरची कड उंचावली की शक्तीचा कळस वरच्या आरपीएमकडे सरकतो आणि खालचा टॉर्क घटतो. मोटरसायकलस्वार गिअर बदलत राहून इंजिनाला त्या अरुंद पट्ट्यात ठेवतो. आउटबोर्डला पुढे जाण्यासाठी गिअर एकच. त्यातच प्रॉपेलर फिरवायला लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, आज आपले इंजिन ५००० आरपीएमवर थांबते आणि पोर्टिंगनंतर त्याचा कळस ७००० वर गेला. तोच प्रॉपेलर तिथवर फिरवायला जवळजवळ पावणेतीनपट शक्ती लागेल, आणि आपली ३० टक्के वाढ, ती पूर्ण मिळाली असे धरले तरी, त्याला जेमतेम ५४५० पर्यंत नेईल. कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर पुढे सरकणारा, प्रॉपेलर लावून फेरे वाढवता येतात हे खरे, पण वेग फेरे आणि पिच यांच्या गुणाकारातून येत असल्यामुळे एका हाताने मिळवलेले बरेचसे दुसऱ्या हाताने द्यावे लागते. शिवाय बोट पाण्यावर उचलली जाण्याच्या क्षणी जो मधला टॉर्क हवा असतो, नेमका तोच आपण कानशीने घासून टाकलेला असतो.

हेड घासण्याबाबत एवढेच सांगतो की मोटरसायकलचा थ्रॉटल पूर्ण उघडा राहतो तो काही सेकंद, बोटीचा मात्र तासन्‌तास. वाढलेल्या कॉम्प्रेशनमुळे नॉकिंग (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) सुरू झाले, तर लाटांच्या आणि इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येत नाही. कळते तेव्हा पिस्टनच्या माथ्याला भोक पडलेले असते.

एका मुद्द्यावर मात्र आपण बरोबर आहात. कार्ब्युरेटर बदलणे म्हणजे पैसे पाण्यात, असे मी सरसकट लिहिले, ते चुकीचे होते. जॉन्सन आणि एव्हिनरूड यांच्या ९.९ आणि १५ अश्वशक्तीच्या जुन्या मॉडेलांचा ब्लॉक वर्षानुवर्षे एकच होता आणि फरक मुख्यतः कार्ब्युरेटरचा होता. अशा जोडीत मोठा कार्ब्युरेटर बसवणे हा जुगार नाही, कारण पिस्टन आणि गिअर त्याच भाराचे असतात. इतर काही जोड्यांत रीड व्हॉल्व्हचे (मिश्रण आत सोडणाऱ्या पातळ झडपांचे) स्टॉप किंवा पायातील एक्झॉस्ट ट्यूबही वेगळी असते, म्हणून दोन्ही मॉडेलांच्या सुट्या भागांचे क्रमांक ताडून पाहावेत. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) लहान राहिले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून ते पातळ होते आणि त्याचा शेवटही पिस्टनवरच होतो. बोटीच्या पाटीवरची कमाल अश्वशक्तीची मर्यादा या खटाटोपाने बदलत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

लाभाचा हिशेबही मांडायला हवा. पाण्यावर उचलल्या गेलेल्या बोटीचा वेग ढोबळमानाने शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ९.९ वरून १५ वर गेल्यास सुमारे २३ टक्के वेग वाढतो, तर आपल्या ३० टक्क्यांचे पाण्यावर १४ टक्केच होतात. आणि तेवढाच वेग एकूण वजन २३ टक्क्यांनी घटवूनही मिळतो, त्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही.

पूर्ण थ्रॉटलला, नेहमीचे वजन बोटीत असताना, किती आरपीएम मिळतात, हे आपण लिहिलेले नाही. हा आकडा उत्पादकाने दिलेल्या पट्ट्याच्या खाली असेल, तर इंजिन आज असलेली शक्तीसुद्धा देत नाही. अशा वेळी पिच एक इंचाने कमी केल्यास साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. आकडा पट्ट्याच्या वरच्या टोकाला असेल, तर मॉडेल क्रमांक कळवा. आपल्या ब्लॉकचे मोठे भावंड, म्हणजे त्याच ब्लॉकचे जास्त अश्वशक्तीचे मॉडेल, आहे का, ते आपण मिळून पाहू.