‘दोन खेपा, स्कॅनचा खर्च आणि शेवटी कवळीच’: दादरच्या दवाखान्याचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या ऑनलाइन रिव्ह्यूतला एक स्टार दोन दिवस डोक्यात होता. बाबांना घेऊन डोंबिवलीहून दोनदा आलात, पन्नास मिनिटं बाकावर बसलात. स्कॅनचे वेगळे पैसे पडतील हे आधी कुणी सांगितलं नाही. आणि इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करायचंच असं ठरवून आलेल्या माणसाला मी ‘आत्ता नको’ म्हणून कवळी सुचवली. दुसरीकडे एका दिवसात दात बसवतात, असंही लिहिलंत.

पहिल्या दोन तक्रारी खऱ्या. त्या सकाळी एक अक्कलदाढ फारच चिवट निघाली, पण कुणीतरी बाहेर येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं. चुकलंच. स्कॅनचा खर्च आता फोनवरच सांगतो. (ते सेंटर वेगळं आहे, त्यातला रुपयाही आमच्याकडे येत नाही.)

तिसऱ्या तक्रारीवर मात्र मी माघार घेणार नाही. बाबांचे रिपोर्ट इथे चारचौघांत उघडायचे नाहीत, म्हणून तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढंच धरते: खालच्या शेवटच्या दोन दाढा दहा वर्षांपूर्वी काढल्या, शुगर आहे, तंबाखू ‘आता कमी केलाय’.

दाढ काढली की तिथलं हाड झिजत जातं, जास्त करून रुंदीला. वरून हिरडी गुबगुबीत दिसते आणि आत हाड सुरीच्या पात्यासारखं निघतं, असं कितीदा पाहिलंय. इम्प्लांटचा स्क्रू साधारण ४ मिलिमीटर जाड. त्याच्या दोन्ही अंगांना हाड उरायला हवं. खालून ओठाची संवेदना नेणारी नस जाते, तिच्यापासून निदान २ मिलिमीटर लांब राहायचं. साध्या एक्स-रेत हाडाची रुंदी दिसतच नाही, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन सांगितला. हाड कमी पडलं तर भर घालता येते, पण मग खर्चही वाढतो आणि महिनेही.

स्क्रू मी पिळेन, पण धरून ठेवणार हाड. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, या एका गोष्टीवर १९६५ पासून हा उपचार उभा आहे, आणि त्या धरण्याला खालच्या जबड्यातही तीनेक महिने लागतात. शुगर चढलेली असेल तर जखम रेंगाळते, पू होण्याची भीती वाढते. तंबाखूचं म्हणाल तर ‘कमी केला’ हे घरच्यांच्या समाधानाला ठीक आहे. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी चालू आहे का, हेही मी त्यासाठीच विचारलं होतं; त्यातल्या काही गोळ्यांमुळे शस्त्रक्रियेनंतर जबड्याचं हाड भरून येत नाही.

एका दिवसात दात बसतो, हे खोटं नाही. हाड भक्कम असेल तर त्याच दिवशी तात्पुरता दात लावता येतो. पण बऱ्याचदा तो समोरच्या दाताला टेकणार नाही असाच ठेवतात. दिसायला दात, चावायला नाही. आणि बाबांना तर दिवाळीत चकली खायची आहे!

ब्रिजचं, म्हणजे पुढच्या-मागच्या दातांच्या आधारावर पक्के बसवायच्या दातांचं विचारलंत. मागे दाढच नसेल तर ब्रिजचा मागचा खांब कशावर उभा करू? राहिली काढता-घालता येणारी कवळी, जिचं नाव तुम्ही शिवी दिल्यासारखं लिहिलंय. इम्प्लांटची मजबुती तिला नाही, कबूल. पण हाडाला हात लावावा लागत नाही आणि पुढे इम्प्लांट करायचं ठरलं तर वाट बंद होत नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर आटोक्यात आली, तंबाखू सुटला, की मी पुन्हा बघायला तयार आहे.

स्कॅनची सीडी तुमचीच आहे. दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवा आणि हाडाची रुंदी किती भरते, एवढं त्यांना विचारा. दुसऱ्या खेपेची फी पाकिटात घालून काउंटरवर ठेवली आहे. येणं जमणार नसेल तर फोन करा, ऑनलाइन पाठवते. आणि कवळी करायची ठरलीच, तर बाबांना सांगा, पहिले काही दिवस चकली चहात बुडवून.