०००००१ वाल्या फायली कचरा नाहीत, त्यांना हात लावू नका

‘व्हर्च्युअल सर्व्हरची डिस्क फुल झाली? इंजिनीअरला पैसे देण्याआधी हे सहा रामबाण उपाय करा’ असा एक मेसेज सध्या मुंबईतल्या अकाउंटंट मंडळींच्या, सीए ऑफिसांच्या आणि गाळेवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो मामेभावाकडून आला. काळबादेवीत त्याचं कापडाचं होलसेलचं दुकान आहे, पोटमाळ्यावर एक सर्व्हर, त्यावर ईएसएक्सआय (एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारं व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर), आणि आत टॅली, फाईल सर्व्हर, जुनं बिलिंग असे तीन व्हीएम, म्हणजे आभासी संगणक. डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या फायली ठेवायची जागा, भरलं, टॅली जागच्या जागी थांबलं, आणि ग्रुपवर उपाय मिळाला. “दादा, व्हीएम बंद केलंय. आता त्या शून्य-शून्य-एकवाल्या फायली उडवतो, चालेल ना?” त्याने विचारलं म्हणून बरं झालं. विचारलं नसतं तर दिवाळीपासूनची सगळी विक्री गेली असती. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजमधले सहा उपाय थोडक्यात असे. एक, ज्या फायलींच्या नावात ०००००१, ०००००२ असे आकडे असतात त्या जुना कचरा आहेत. व्हीएम बंद करून डिलीट करा. दोन, स्नॅपशॉट घेत राहा, वेगळ्या बॅकअपची गरज नाही. तीन, व्हीएमच्या आतून फायली काढल्या की डेटास्टोअर आपोआप रिकामं होतं. चार, सर्व्हर स्लो म्हणजे डिस्क जुनी, एसएसडी टाका. पाच, रेड (एक डिस्क मेली तरी काम चालावं म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं) लावलं असेल तर डिस्कची चिंता सोडा. सहा, काहीच सुचलं नाही तर होस्ट, म्हणजे मूळ सर्व्हर, रिस्टार्ट करा.

पहिल्या उपायाबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण त्याने धंदे बसतात.

स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाईल त्या क्षणाला गोठते. त्यानंतर व्हीएममध्ये जे काही लिहिलं जातं, मग ते नवं बिल असो, ईमेल असो की विंडोजचं अपडेट, ते सगळं एका नव्या फाईलमध्ये जातं. तिच्याच नावात ०००००१ येतं. दुसरा स्नॅपशॉट घेतला की ०००००२. दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर जुनी खतावणी बांधून कपाटात ठेवली आणि आजपासूनच्या नोंदी दुसऱ्या वहीत सुरू केल्या. ही दुसरी वही म्हणजे कचरा, असं तो मेसेज म्हणतोय. ही चालू वही आहे. आज सकाळचं बिलसुद्धा तिच्यातच आहे.

मेसेजमधली सर्वांत घातक ओळ तर पुढेच आहे: ‘व्हीएम चालू असताना या फायली डिलीट होत नाहीत, म्हणून आधी व्हीएम बंद करा.’ डिलीट का होत नाहीत, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडायला हवा होता. ईएसएक्सआय त्या फाईलवर लॉक ठेवतं, कारण व्हीएम त्या क्षणी तिच्यातच लिहीत असतं. फाईल वापरात आहे हे सिस्टिम स्वतः ओरडून सांगतेय, आणि हा मेसेज लोकांना ते कुलूप कसं काढायचं ते शिकवतोय. व्हीएम बंद झालं की लॉक सुटतं आणि फाईल मुकाट्याने जाते. डेटास्टोअरला रीसायकल बिन नसतो.

मग व्हीएम सुरू करायला गेलं की डिस्क किंवा ती ज्यावर अवलंबून आहे त्यातला एखादा स्नॅपशॉट उघडता येत नाही, असा एरर येतो. घाबरलेला माणूस पुन्हा गुगल करतो, कुणीतरी सांगतं की सेटिंगमध्ये जाऊन मूळ डिस्क जोडा. जोडली की व्हीएम सुरू होतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. टॅली उघडलं की कळतं, शेवटची एंट्री स्नॅपशॉट घेतला त्या दिवशीची आहे. अंधेरीच्या एका गाळ्यात मी हे नंतर जाऊन पाहिलंय. तिथे स्नॅपशॉट आर्थिक वर्षाच्या सुरुवातीचा होता, कुणी आणि कशासाठी घेतला ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीचं ३बी रिटर्न, तोंडावर आली होती. मालक आणि अकाउंटंट बाई छापील बिलांचे गठ्ठे घेऊन बसले होते. त्यात मूळ डिस्क जोडून व्हीएम दिवसभर चालवलं होतं, नव्या एंट्र्या टाकल्या होत्या. म्हणजे मूळ डिस्क बदलली. आता डिलीट झालेली फाईल एखाद्या रिकव्हरीवाल्याने परत मिळवून दिली असती तरी ती या बदललेल्या मूळ डिस्कवर नीट बसली नसती. साखळीतलं खालचं कडं बदललं की वरची सगळी कडी निरुपयोगी होतात.

कुणाच्या हातून हे झालंच असेल तर त्या डेटास्टोअरवर लिहिणं ताबडतोब थांबवा. दुसरे व्हीएमही बंद करा, नवीन काही कॉपी करू नका, मूळ डिस्क जोडून व्हीएम चालू करून पाहू नका. गेलेली फाईल जर फक्त छोटी वर्णनाची व्हीएमडीके (डिस्कची फाईल) असेल, जी उघडली तर काही ओळींचा साधा मजकूर दिसतो, तर ती पुन्हा बनवता येते. डेल्टा किंवा एसईस्पार्स नावाची, खरा मजकूर असलेली मोठी फाईल गेली असेल तर डेटा गेला असं धरून चला आणि बॅकअप शोधा.

या फायली कचरा आहेत असं लोकांना वाटतं, त्यालाही कारण आहे. बऱ्याचदा स्नॅपशॉट मॅनेजर उघडला तर तो रिकामा दिसतो. बॅकअपचं सॉफ्टवेअर रात्री स्नॅपशॉट घेतं, काम झालं की काढायला जातं, काढणं अर्ध्यात फसतं. यादीतून नाव जातं पण फाईल वापरात राहते. माणूस म्हणतो, स्नॅपशॉट तर एकही नाही, मग ह्या फायली उरलेल्याच असणार. आणि हेही मान्य करतो की काही ठिकाणी खरोखरच बेवारस डिस्क पडून असतात. पण नावावरून ते ठरत नाही. व्हीएमच्या सेटिंगमध्ये जा, हार्ड डिस्क उघडा, डिस्क फाईलचा मार्ग वाचा. तिथे शेवटी ०००००१ किंवा तसा आकडा दिसला तर व्हीएम स्नॅपशॉटवर चाललंय, यादी काहीही म्हणो.

त्यावर उपाय म्हणजे कन्सॉलिडेट. व्हीएमच्या स्नॅपशॉट मेनूत तो पर्याय असतो. तो डेल्टातला मजकूर मूळ डिस्कमध्ये मिसळून मगच डेल्टा काढतो. त्याआधी थोडी जागा मोकळी हवी. जागाच नसेल तर आयएसओ फायली (इन्स्टॉलेशन डिस्कच्या प्रती) हलवा. आणि एक फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: कमी महत्त्वाचं व्हीएम बंद केलं की त्याची व्हीस्वॅप फाईल (मेमरी कमी पडली तर वापरायची) जाते. मेमरी राखीव ठेवलेली नसेल तर ही फाईल व्हीएमच्या रॅमएवढीच असते. १६ जीबी रॅमचं बिलिंगचं व्हीएम बंद केलं तर १६ जीबी तिथेच मिळतात. भावाकडे हेच केलं. मग कन्सॉलिडेट रात्री दुकान बंद झाल्यावर लावलं. ९९ टक्क्यांवर ते बराच वेळ थांबतं, तासन् तास थांबू शकतं. अडकलं असं समजून बटणं दाबू नका. डेटास्टोअरमध्ये फायलींच्या वेळा बदलत असतील तर काम चालू आहे.

डिस्क भरल्यावर व्हीएम थांबतं तेव्हा स्क्रीनवर एक प्रश्न येतो, रिट्राय की कॅन्सल. जागा करून रिट्राय दाबलं तर व्हीएम होतं तिथून पुढे चालू लागतं. कॅन्सल दाबलं तर ते चालू अवस्थेतच तोडलं जातं, आणि टॅलीसारख्या डेटाचं त्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं असंच सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना वाटेल आपण सुटलो. तिथे त्याच फायलींचं नाव एव्हीएचडीएक्स असतं, गोष्ट तीच. फायलीला हात न लावता हायपर-व्ही मॅनेजरमधून चेकपॉइंट (तिथे स्नॅपशॉटला हेच म्हणतात) काढायचा. विंडोज सर्व्हर २०१२ पासून मिसळण्याचं काम व्हीएम चालू असतानाच होतं. २००८ आर२ वर ते व्हीएम बंद केल्यावरच होत असे.

दुसऱ्या उपायाला, स्नॅपशॉट म्हणजेच बॅकअप या समजाला, मी माझं मत देत बसत नाही. व्हीएमवेअरचाच स्नॅपशॉटविषयीचा लेख आहे, जुना क्रमांक १०२५२७९; कंपनी २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमकडे गेल्यावर क्रमांक बदलले, पण लेख आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय: स्नॅपशॉट बॅकअप म्हणून वापरू नका, तो मूळ डिस्कमधल्या बदलांची फक्त नोंद असतो. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण वेग हवा असेल तर दोन-तीनच. ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं ते ७२ तास म्हणतायत, आणि आपल्याकडे दर महिन्याला एक घेऊन ठेवणारी ऑफिसं आहेत. जितका जास्त काळ ठेवाल तितकी ती फाईल फुगते, फुगत फुगत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. ज्यांची डिस्क भरलीय त्यांच्यापैकी बहुतेकांची भरण्याचं कारण हेच निघतं, आणि उपाय म्हणून हा मेसेज आणखी स्नॅपशॉट घ्यायला सांगतोय! डिस्क मेली तर मूळ फाईल आणि स्नॅपशॉट दोन्ही एकदमच जातात, कारण दोन्ही तिथेच असतात. बॅकअप म्हणजे दुसऱ्या यंत्रावर, आणि शक्यतो दुसऱ्या इमारतीत.

तिसऱ्या मुद्द्यात निम्मं खरं आहे, ते नाइलाजाने कबूल करतो. थिन डिस्क वापरात येईल तशी वाढते, पण आतून फायली पुसल्या म्हणून बाहेर लगेच आकसत नाही. विंडोज फक्त जागा मोकळी अशी नोंद करतं, खालच्या डेटास्टोअरला ते कळवावं लागतं. व्हीएमवेअरच्या व्हीएसफिअर ६.५ बरोबर आलेल्या व्हीएमएफएस ६ वर (व्हीएमएफएस म्हणजे डेटास्टोअरवर फायली मांडण्याची पद्धत) हे कळवणं आपोआप चालतं, पण व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन पुरेसं नवं असेल तरच. जुन्या व्हीएमएफएस ५ वर हे आपोआप होईल असं धरू नका. लिनक्सच्या आत एफएसट्रिम (मोकळी जागा खाली कळवणारी कमांड) चालवा. ईएसएक्सआयऐवजी प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर असेल तर डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्डवर टिक आहे का ते बघा. आणि व्हीएमवर जुना स्नॅपशॉट असेल तर या सगळ्याच्या आधी तो काढा.

एसएसडीने वेग वाढतो, यात वाद नाही. पण लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाण्याआधी ईएसएक्सटॉप (होस्टचा वेग दाखवणारं ईएसएक्सआयमधलं साधन) उघडून डी दाबा, मग यू. डीएव्हीजी, म्हणजे डिस्ककडून उत्तर यायला लागणारा सरासरी वेळ, हा आकडा सतत २०-२५ मिलिसेकंदांच्या वर असेल तर उशीर खाली डिस्ककडे किंवा कंट्रोलरकडे होतोय. केएव्हीजी, म्हणजे होस्टच्या आत जाणारा वेळ, दोन मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर रांग होस्टच्या आतच लागलीय, नवी डिस्क घेऊन ती कमी होणार नाही. आणि डीएव्हीजी जास्त असला तरी आधी रेड कंट्रोलरची बॅटरी तपासा. ती मेली की बरेच कंट्रोलर डेटा वाचवण्यासाठी राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर जातात. म्हणजे आधी लिहिलेलं कॅशमध्ये घेऊन लगेच पोच मिळायची, आता प्रत्येक वेळी डिस्कवर पोचेपर्यंत थांबायचं. कालपर्यंत बरा चालणारा सर्व्हर एका रात्रीत रांगायला लागला तर माझा पहिला संशय बॅटरीवर असतो. ती एसएसडीच्या मानाने खूप स्वस्त आहे.

रेडबद्दल दोनच वाक्यं. रेड ५ एक डिस्क मेलेली सोसतं, दुसरी मेली की सगळं जातं, आणि दुसरी रीबिल्डच्या, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरण्याच्या, ताणातही मान टाकू शकते. आणि पहिल्या उपायात सांगितल्याप्रमाणे तुम्ही फाईल डिलीट केलीत तर रेड ती सगळ्या डिस्कवरून इमानदारीने डिलीट करतं.

होस्ट रिस्टार्ट करायला माझा कायमचा विरोध नाही, पण काय चाललंय ते न बघता करू नका. कन्सॉलिडेट चालू असताना तर मुळीच नाही. बॅकअपचं सॉफ्टवेअर कुठल्या डिस्कला धरून बसलंय का ते आधी बघा, बऱ्याच वेळा लॉक तिथूनच येतं. शिवाय छोट्या ऑफिसांत ईएसएक्सआय पुष्कळदा यूएसबी पेनड्राइव्हवर किंवा एसडी कार्डावर टाकलेलं असतं. अशा ठिकाणी लॉग (सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी) ठेवायला कायमची जागा नेमून दिलेली नसेल तर ते मेमरीत राहतात आणि रिस्टार्टबरोबर पुसले जातात. मग डिस्क केव्हापासून एरर देत होती, कुठला पाथ तुटला होता, हे सांगायला काहीच उरत नाही. आधी व्हीएमकर्नलचा (ईएसएक्सआयच्या गाभ्याचा) लॉग बाहेर कॉपी करा, डेटास्टोअरच्या यादीचा आणि व्हीएमच्या डिस्क मार्गाचा फोटो काढा, मग कुणालाही फोन करा.