चर्च ऑफ इंग्लंडने समलिंगी विवाह मान्य केला आहे काय?

“चर्च ऑफ इंग्लंडने २०२३ साली समलिंगी विवाह मान्य केला, तो आता जगभरच्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) मंडळ्यांना, म्हणजे सीएनआयलाही (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मानावाच लागेल, आणि इंग्लंडमधल्या पाळकांना (धर्मगुरूंना) तर ही मोकळीक २००५ पासूनच आहे,” असा मजकूर ख्रिस्ती कुटुंबांच्या मोबाइलवरून फिरतो आहे. यातले एकही विधान खरे नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जनरल सिनडने, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च प्रतिनिधी सभेने, बिशपांच्या ३६ विरुद्ध ४, पाळकांच्या १११ विरुद्ध ८५ आणि सर्वसामान्य सभासदांच्या १०३ विरुद्ध ९२ मतांनी जो ठराव केला, तो समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांचे स्वागत करणारा होता. विवाहाच्या सिद्धान्तात बदल सुचवायचा नाही, या बिशपांच्या निर्णयाला त्याच ठरावात दुजोरा दिलेला आहे. नोंदणी कार्यालयात लग्न केलेल्या दोन स्त्रिया डिसेंबर २०२३ पासून नेहमीच्या उपासनेत पुढे येऊन उभ्या राहू शकतात आणि पाळक त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. मात्र त्यांच्याकडून विवाहाची वचने घेतली जात नाहीत आणि त्या विवाहबद्ध झाल्याची घोषणाही होत नाही. पाळकाची कितीही इच्छा असली तरी तो त्यांचे लग्न लावू शकत नाही, कारण समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या २०१३ च्या कायद्यानेच या चर्चला त्यातून वगळले आहे.

सीएनआयविषयीचा भाग थोडक्यात निकालात निघतो. नागपूरला १९७० साली स्थापन झालेल्या या चर्चला स्वतःची घटना आणि स्वतःचे सिनड आहे, आणि चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्माधिकारी असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांची सत्ता त्यावर चालत नाही. स्कॉटलंडच्या अँग्लिकन चर्चने २०१७ साली समलिंगी विवाहाला वाट करून दिली, ती शेजारच्या इंग्लंडवरही बंधनकारक ठरली नाही.

‘मोकळीक’ हा शब्द मात्र मला सर्वांत जास्त खुपतो. सिव्हिल पार्टनरशिपचा (समलिंगी जोडप्यांच्या नात्याची विवाहाविना कायदेशीर नोंदणी करण्याचा) कायदा डिसेंबर २००५ मध्ये अमलात येण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या जुलैत, बिशपांनी निवेदन काढले होते: पाळकाने अशी नोंदणी करण्यास हरकत नाही, पण त्याने ब्रह्मचर्य पाळण्याची हमी द्यावी. सर्वसामान्य सभासदांकडून बाप्तिस्म्यासाठी किंवा प्रभुभोजनासाठी अशी हमी मागू नये, असेही त्यात होते. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी ज्याने पाळकपदाची दीक्षा घेतली, त्यालाच आपल्या घरातल्या नात्याविषयी बिशपांपुढे उत्तर द्यायचे होते. पुढे २०१४ साली, पाळकाने समलिंगी विवाह करू नये, असे बिशपांनी बजावले. त्याच वर्षी असा विवाह केलेल्या एका पाळकाला रुग्णालयातल्या सेवेसाठी लागणारा परवाना नाकारला गेला, आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयानेही त्याच्या विरोधात निकाल दिला.