पांढरा पडला तरी डंख असतोच
लेखात म्हटलंय की ब्लीच झालेल्या (उष्णतेने आतलं शेवाळ जाऊन पांढऱ्या पडलेल्या), फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याचं, म्हणजे सी अ‍ॅनिमोनचं विष संपतं, हे काही पटलं नाही. माझ्या टँकमधला बबल टिप (त्याचीच एक जात), हीटर बिघडून पाणी तापलं तेव्हा पार पांढरा पडलेला, तरी काच साफ करताना मनगटाला चिकटला आणि लाल चट्टे उठलेच! ऑस्ट्रेलियात ह्याच जातीवर अभ्यास झालाय २०१९ मध्ये, ब्लीच झाल्यावरही विषारीपणा टिकून होता, आणि ते बरोबरच वाटतं कारण अन्न पुरवणारं आतलं शेवाळ गेलं की घरचं जेवण बंद, मग पोट भरायला शिकारच करायला लागणार ना.

खरा फटका त्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या क्लाउनफिशला बसतो, फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया बेटाला २०१६ च्या ब्लीचिंगमध्ये त्यांची अंडी ७३ टक्क्यांनी घटली, ते लेखात यायलाच हवं होतं.