एलईडीतल्या पिवळ्या पावडरला घाबरून माळ्यावरचा सीएफएल खाली काढू नका

आठवडाभर झालं एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. एलईडी बल्बमधली पिवळी पावडर म्हणजे 'रेअर अर्थ', दुर्मिळ आणि किरणोत्सारी विष, बल्ब फुटला की खोलीबाहेर पळा, त्याच्या उजेडात अल्ट्राव्हायोलेट असतं, डोळे जातात, म्हणून परत सीएफएल लावा. मी सोलापुरात पूर्व भागात बल्ब रिपेअर करतो, दिवसभर हेच उघडून बसलेला असतो, तरी गप्प होतो. पण परवा आत्याकडं गेलो तर तिनं विड्या वळायच्या खोलीतला एलईडी काढून माळ्यावरचा जुना सीएफएल लावलेला. आता लिहायलाच पाहिजे.

आधी ते 'बाहेर पळा' घेतो. ही सूचना खोटी नाही, पण ती सीएफएलची आहे ओ! सीएफएलमधे आणि जुन्या ट्यूबमधे पारा असतो, अगदी थोडा, काही मिलिग्रॅम, पण काच फुटली की त्याची वाफ हवेत जाते. म्हणून खिडक्या उघडायच्या, पंधरा मिनिटं बाहेर थांबायचं, झाडू मारायचा नाही, जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा करायच्या आणि बारीक चुरा चिकटपट्टीनं उचलायचा. एलईडीत पारा नसतोच. म्हणजे ज्या बल्बची भीती, तोच बल्ब लावा म्हणून हा मेसेज सांगतोय, आणि मला राग येतो तो याचाच.

आता ती पावडर. बल्बचं पांढरं टोपण काढलं की आत ॲल्युमिनियमची प्लेट आणि तिच्यावर तांदळाच्या कणीएवढे पिवळे चौकोन दिसतात. त्या पिवळ्याच्या खाली जी चिप असते ती पांढरा नाही, निळा उजेड देते, साधारण 450 नॅनोमीटरचा. वर सिलिकॉनमधे कालवलेली पावडर असते, यट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट, त्यात चिमूटभर सेरियम. ती थोडा निळा उजेड पिते आणि पिवळा सोडते, उरलेला निळा तिच्यातनं तसाच बाहेर येतो आणि दोन्ही मिळून आपल्या डोळ्याला पांढरं दिसतं. वॉर्म बल्बमधे लाल उजेड देणारी अजून एक पावडर घालतात, बऱ्याचदा युरोपियमवाली. ज्या निळ्या एलईडीवर हे सगळं उभं आहे तिच्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. गार्नेट हे पाण्यात न विरघळणारं कडक स्फटिक आहे, आणि इथं तर ते सिलिकॉनमधे पक्कं बसलेलं असतं, फुंकर मारली तरी उडत नाही.

किरणोत्साराची गफलत कुठनं आली तेही सांगतो. रेअर अर्थ म्हणजे यट्रियम, सेरियम, युरोपियम असल्या धातूंचा गट. ते ज्या मोनाझाइट वाळूतनं काढतात, केरळच्या किनाऱ्यावर आहे ती, तिच्यात थोरियम असतं आणि थोरियम खरंच किरणोत्सारी आहे. पण ते वेगळं काढलं जातं. बल्बमधलं यट्रियम आणि सेरियम तसलं नाही. उलट आपल्या वडीलधाऱ्यांनी वरातीत ज्या गॅसबत्त्या बघितल्या त्यांच्या जुन्या मेंटलमधे, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीत, थोरियमच मुख्य असायचं, सेरियम फक्त टक्काभर.

'दुर्मिळ' हे नुसतं नाव आहे, जमिनीत सेरियम जवळपास तांब्याइतकं आहे, फक्त विखुरलेलं असतं आणि एकमेकांपासनं सोडवायला अवघड.

आणि अल्ट्राव्हायोलेट? ते सीएफएलमधेच तयार होतं. आत पाऱ्याची वाफ अल्ट्राव्हायोलेट सोडते आणि नळीला आतनं लावलेली पावडर त्याचा उजेड करते. ती पावडरसुद्धा यट्रियम, युरोपियम, टर्बियमची, म्हणजे रेअर अर्थच! एलईडीची सुरुवातच निळ्यापासनं होते, त्यामुळं अल्ट्राव्हायोलेट जवळपास नाहीच. आत्याला जुनी सीडी घेऊन दाखवलं, अंधारात एकच बल्ब लावून सीडीत तिरकं बघायचं. एलईडीचा निळा पट्टा, मधे जरा मंद जागा, मग हिरव्यापासनं लालपर्यंत सलग. सीएफएलचे रंग मात्र तुटक तुटक, वेगवेगळे. तुम्हीपण करून बघा.

डोळ्यांचं मात्र उडवून लावणार नाही. रात्री उशिरापर्यंत 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) निळसर उजेड झोप बिघडवतो, घरात 2700 ते 3000 वाला लावा. आणि ड्रायव्हर, म्हणजे बल्बातलं एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, स्वस्तातला असला की बल्ब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही पण काहींचं डोकं दुखतं. आत्याचे डोळे खरंच चुरचुरत होते. तिचा काढून ठेवलेला एलईडी परत लावून मोबाईलचा कॅमेरा धरला तर स्क्रीनवर काळे पट्टे सरकायला लागले. दोष ड्रायव्हरचा होता, पावडरचा नाही.

एक खरा धोका त्या मेसेजमधे नाहीच. टोपण फुटलेला एलईडी चालू असताना हात लावू नका, बऱ्याच स्वस्त बल्बांत त्या प्लेटवरचं सर्किट मेनपासनं वेगळं केलेलं नसतं, झटका बसतो.

आत्याला आता चांगल्या ड्रायव्हरचा 3000 केल्विनवाला लावून दिलाय. सीएफएल खोक्यात कापूस घालून दुकानात आणून ठेवलाय, ई-कचरावाल्याकडं अख्खाच द्यायचाय.