शेतीच्या गेममधली खाण चुकवू नका

पुतणीची बारावी झाली तशी ती स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा व्हिडिओ गेम खेळायला लागलीय. परवा म्हणाली, काका, शेतीच्या गेममध्ये ही मारामारी कशाला घातलीय, मला नुसतं पेरायचंय, कोंबड्या पाळायच्यात, ते खाणीत उतरून चिकट गोळे अन् वटवाघळं मारायला नको वाटतं. हेच ऑफिसातल्या दोघांनी पण मला सांगितलंय म्हणून आज सविस्तर लिहितोय, कारण मला हे अजिबात पटत नाही.

तिचं शेत बघितलं मी. रोज सकाळी झारी घेऊन एकेका रोपाला पाणी, ४० वेळा ओतलं की झारी रिकामी, परत तळ्यावर जा, दुपार होते आणि अंगातली ताकद पण संपते. मी म्हणलं अगं स्प्रिंकलर बसव की. तर त्याला तांबं लागतं, लोखंड लागतं, अन् ते खाणीशिवाय मिळत नाही. तांब्याच्या ५ खड्यांची एक वीट, वर कोळसा. साधा स्प्रिंकलर ४ रोपं भिजवतो, त्याच्या वरच्याला सोनं लागतं, तो ८ भिजवतो, आणि इरिडियम या धातूचा २४. म्हणजे जितकं खोल जाल तितकं रान भिजतं. एरिक बॅरोन नावाच्या एका माणसानं चार वर्षांहून जास्त काळ एकट्यानं बसून हा गेम बनवला, २०१६ ला आला, आणि मला वाटतं त्याला शेतीतली ही गोष्ट नीट कळली होती.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला तर हे सांगायलाच नको. आमची विहीर १९७२ च्या दुष्काळात खोदलेली. अण्णा तेव्हा पोरसवदा होते, त्यांनी पाट्या उचलल्यात. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, अन् मग काळा फत्तर लागला की सुरुंग. सुरुंग लावून सगळे पळत वर यायचे, धूर बसला की परत खाली. कपारीत विंचू निघायचे, कधी साप. दुपारी तिथंच काठावर बसून मिलोची, म्हणजे बाहेरच्या देशातनं आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. असं सात परस, म्हणजे सात पुरुष खोल. त्या विहिरीवर आमच्या तीन पिढ्यांची ज्वारी भिजली, त्यामुळं शेती म्हणजे फक्त वरचं हिरवं हे मला कुणी सांगू नये.

गेममधली खाण वसंतातल्या पाचव्या दिवशी उघडते, १२० मजले आहेत. ३९ पर्यंत तांबं, ४० पासून बर्फ अन् लोखंड, ८० च्या खाली तापलेला खडक आणि सोनं. प्रत्येक ५ मजल्यांनी लिफ्ट थांबते म्हणून भिऊ नका, आज पाच उद्या पाच असं उतरा. शिडी कुठल्या तरी दगडाखाली असते, कधी राक्षस मेल्यावर निघते. दगड समजून कुदळ मारावी तर खेकडा उठतो. बर्फाच्या मजल्यांवर काजळीचे गोळे टुणटुण उड्या मारत येतात, त्यांना सोडू नका, त्यांच्यातनंच कोळसा पडतो अन् तो कायम कमी असतो. तलवारबाजी साधीच आहे, एकच बटण, हे मान्य. पण खरी भीती राक्षसाची नसतीच, घड्याळाची असते. गेममधल्या रात्री २ ला माणूस जागेवर कोसळतो, पिशवी भरलेली असते, खायला आणलेलं चीज संपलेलं असतं आणि समोर शिडी दिसते. तिथं परत फिरणं लई अवघड जातं. राक्षसांच्या हातून बेशुद्ध पडलात तर काही पैसे जातात, पिशवीतलं सामान पण जातं. मी एकदा ११० च्या पुढं गेलो होतो आणि सगळं सोनं घालवून बसलो, त्या रात्री मला खरंच झोप आली नाही.

अजून एक सांगतो. गेममधल्या हिवाळ्याचे २८ दिवस शेतात जवळपास काही पिकत नाही, तेव्हा पूर्ण महिना खाणीत घाला. आपल्याकडं पण ज्वारी निघाली, रान मोकळं झालं की उन्हाळ्यातच विहिरीचं काम निघतं ना. आणि झारी सुधारून घ्यायला लोहाराकडं टाकायची असेल तर आधी टीव्हीवर हवामान बघा, उद्या पाऊस सांगितला की आजच टाका, परत मिळायला दोन दिवस लागतात.

तर पुतणी काल बसली. मी शेजारी, ती ३५ व्या मजल्यावर, अंधार होता, तब्येतीची पट्टी अर्ध्याच्या खाली आली, मी काही बोललो नाही, तिची तीच लिफ्टनं वर आली. पिशवीत बऱ्यापैकी तांबं होतं. मागं अण्णा चहा पीत उभे होते, कधी आले कळलंच नाही. कुदळ चाललेली बघून विचारलं, काय खणतीय पोरगी? मी म्हणलं खाण आहे अण्णा, १२० मजले खोल. त्यांनी एकच विचारलं, पाणी कितव्याला लागलं?

आणि खरंच आहे की, २० व्या मजल्यावर तळं आहे. पुतणीनं लिफ्टनं नेऊन दाखवलं. अण्णांनी खुर्ची ओढली आणि बराच वेळ त्या पाण्याकडं बघत बसले.